मेल्यानंतरची चार लेकरं

चांगुणाबाई मल्हारी तागड फसली तेराशे त्रेचाळीसच्या वैशाखात वारली, आणि त्यानंतर तिला चार लेकरं झाली.

संगणकाला हे पटत नव्हतं. तो दर वेळी तिच्या ओळीला लाल रंग फासायचा आणि खाली लिहायचा, ‘नोंद क्रमांक २१७ : निर्गमनानंतर घटना. कृपया तपासा.’ गोरक्षनाथ तागडनं मंगळवारी सकाळपासून अकरा वेळा तपासलं होतं. अकराही वेळा बाई मेली होती आणि अकराही वेळा, जरा दम खाऊन, बाळंत झाली होती.

बाई त्याची पणजी होती. हे त्यानं अजून कोणाला सांगितलं नव्हतं. चूक घरातली आहे म्हटल्यावर लोक आधी माणसाकडे बघतात, मग चुकीकडे.

गोरक्षनाथ मंठ्याच्या एका कॉलेजात अकरा वर्षं इतिहास शिकवत होता. तासावर. म्हणजे तास सुरू झाला की प्राध्यापक, घंटा झाली की कोणी नाही. यंदा इतिहासाला सात पोरं आली, त्यातली तीन चुकून. तेव्हा संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी त्याला बोलावून घेतलं आणि फार प्रेमानं सांगितलं, “सर, इतिहास काही चालून न्हाई राह्यला. तुमचा वर्ग मात्र चांगला हाय. कोरडा हाय, हवेशीर हाय. तिथं सोयाबीन बराबर राहतं.”

एकच वाट उरली होती. ‘लोकसंख्येचा इतिहास’ नावाचा नवा अभ्यासक्रम कॉलेजला मंजूर झाला होता आणि तो शिकवायला एक माणूस कायम नेमायचा होता. अट एवढीच की त्याच्याकडे या विषयाचं प्रमाणपत्र पाहिजे. आणि ते प्रमाणपत्र अंकुशनगरला चाललेल्या या दहा दिवसांच्या प्रशिक्षणाशिवाय कुठंही मिळत नव्हतं.

“शुक्रवारच्याला कागद आणा,” अण्णासाहेब म्हणाले होते. “शनिवारी त्या खोलीत एकतर तुम्ही कायम, न्हाई तर सोयाबीन.”

प्रशिक्षण एका मंगल कार्यालयात होतं, कारण डिसेंबरात त्या गावात दुसरी मोठी छपराची जागा म्हणजे साखर कारखाना, आणि तो गाळपात होता. स्टेजवर फलक लावला होता, ‘ऐतिहासिक लोकसंख्या : अनुदैर्घ्य माहितीचे विश्लेषण’. फलक थोडा अपुरा पडल्यामुळे त्याच्या डावीकडून ‘शुभ’ आणि उजवीकडून ‘वाह’ ही मागची थर्माकोलची अक्षरं डोकावत होती. त्याखाली नवरा-नवरीच्या लाल मखमली सोफ्यावर, नवऱ्याच्या बाजूला, डॉ. गिरिधर बसत. नवरीच्या बाजूला त्यांची बॅग. अठरा प्रशिक्षणार्थी पंगतीच्या टेबलांवर संगणक मांडून बसलेले, आणि सगळ्यांच्या नाकात कारखान्याच्या मळीचा तो गोडूस, आंबूस वास. तिसऱ्या दिवसानंतर चहासुद्धा तसाच लागायचा.

गिरिधर सर जालन्याचेच. जुनं घराणं, वडील वकील, बोलणं स्वच्छ आणि हळू, जणू प्रत्येक वाक्याची कोणी नक्कल काढणार आहे.

“जनगणना म्हणजे फोटो,” पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते. “दहा वर्षांनी एकदा क्लिक. आपण फोटोवाले नाही. आपण एकाच माणसाच्या मागे त्याच्या जन्मापासून मरणापर्यंत चालत जाणार. जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्यांमधून त्याला हुडकायचा, त्याची एक ओळ करायची. तुमच्या गावाच्या तीनशे ओळी. माणूस आत कधी आला, मध्ये त्याला काय काय झालं, बाहेर कधी गेला. बाहेर गेलेल्याला मग काही होता कामा नये. मेलेल्या माणसाकडून आपली एवढीच अपेक्षा आहे.”

गोरक्षनाथला हे काम आधी सोपं वाटलं होतं. त्याच्या आजोबाला, आबारावला, दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखू यायची. कोणतं कोणाच्या पोटचं, कोणत्या साली कुठल्या वाटेवर व्यालेलं, सगळं. नातवाला तर माणसं ओळखायची होती, तीही लिहून ठेवलेली. त्यानं मंठा तालुक्यातल्या आपल्या कोकरवाडीच्या जुन्या वह्यांची छायाचित्रं काढली, मोडी येणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडून वाचून घेतली, निजामी फसली सालात महिन्याप्रमाणे पाचशे नव्वद किंवा एक्क्याण्णव मिळवून इंग्रजी सालं काढली आणि तीनशे ओळी भरल्या. दोनशे नव्याण्णव ओळी हिरव्या झाल्या. सरांचा नियम होता, शुक्रवारी चार वाजेपर्यंत शून्य चुका. एकसुद्धा लाल असेल तर सही नाही.

“काढून टाका ना, सर,” शेजारच्या टेबलावरचा निखिल म्हणाला. निखिल जालन्याचा, सव्वीस वर्षांचा. त्याची बोटं त्याच्या विचारांच्या पुढं असायची.

“काय काढू?”

“चारी पोरं. डिलीट. सगळे तेच करतात. माझ्या गावात सहा बाया मेल्यावर बाळंत झाल्या. सरांनीच सांगितलंय, मेल्यानंतरची नोंद ही वहीवाल्याची चूक धरायची आणि उडवायची.”

“त्यातलं पहिलं पोरगं माझा आजोबा हाय.”

निखिलनं यावर मनापासून विचार केला.

“मग दुसऱ्यापासून उडवा.”

गोरक्षनाथनं इतर उपाय करून पाहिले. चांगुणा नावाची दुसरी बायको केली असेल असं त्यानं धरलं, पण संगणकानं दुसऱ्या लग्नाची नोंद मागितली. तिचं मरण चाळीस वर्षं पुढं ढकललं, तर त्यानं वहीच्या पानाचा फोटो काढून पुढं धरला. फोटोत मास्तरांनी वाचलं तेच होतं. चांगुणा, मल्हारीची बायको, वय एकोणीस, मौत. संध्याकाळी ज्योत्स्नाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, मेलेल्या माणसाची चौकशी जित्त्या माणसाकडं करावी. आसराआत्या हायत ना घरी. त्यांचीच माय ती.”

बुधवारी सुट्टी टाकून, तीन एसट्या आणि एक काळीपिवळी करून तो कोकरवाडीला पोचला. आसराबाई ओट्यावर तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती. आबारावची धाकटी बहीण. विशीत विधवा होऊन माहेरी आली ती आलीच. आता त्र्याऐंशीची असावी. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा.

“आत्या,” गोरक्षनाथनं चप्पल काढता काढताच विचारलं, “पणजी कधी मेली?”

आसराबाईनं शेंग फोडली. “कोणत्या बारीला?”

तो खाली बसला.

“पहिल्या बारीला म्हणशील तर मी जन्मायच्या आधी,” ती म्हणाली. “माय नवी नवरी. मारुतीमागच्या लिंबाखाली भांडे घासत बसल्ती. वरी कावळिणीचं घर, त्यात पिल्लं. ती आली झपकन आन मायच्या टाळूत चोच हाणली. मंग काय. कावळा शिवला म्हंजी मरण आलं. आन आलेलं मरण रिकामं जात न्हाई. त्याला दाखवावं लागतं का बाबा तुझं काम झालं, बाई मेली, लोकं रडले, तू जाय आता.”

“म्हणजे?”

“म्हंजी शहागडला मायच्या माहेरी गडी धाडला. चांगुणा गेली म्हणून सांगितलं. तिकडं रडारड. माय, बाप, चुलत्या, समदे गाडी जुपून रडत रडत आले. इथं येऊन बघतेत तं माय चुलीपुढं भाकरी थापून राह्यलेली.”

“मग?”

“मंग जेवले. येसरची आमटी केल्ती. मुक्काम करून गेले.”

गोरक्षनाथनं विचारलं, “आन वहीत?”

“कोतवाल पारावर बसल्ता. गाडीभर माणसं छाती पिटत गावात आल्यावर तो काय इचारीत बसंल? लिवलं त्यानं. त्याचं कामच हाय ते.”

“पण मग दुसऱ्या दिवशी खोडायचं ना, आत्या!”

आसराबाई शेंग सोलायची थांबली. भर बाजारात धोतर सुटलेल्या माणसाकडे बघावं तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं. “खोडतेत व्हय, येड्या? मेलेलं खोडलं का मरण मागं फिरतं. त्याला काय म्हणायचं, चुकून लिवल्तं, ये परत? कोणीच खोडीत नव्हतं. तुला काय शिकिवतेत रे त्या कॉलेजात?”

“आणि खरी कधी गेली?”

“बहात्तरच्या दुस्काळात. खडी फोडायच्या कामावर. हितं, माझ्या मांडीवर.” तिनं मांडीवरची टरफलं झटकली. “आबा गेल्ता लिवायला. वहीवाल्यानं जुनी वही काढली, बोट फिरवलं, म्हणला चांगुणाबाई तं कव्हाच मेली. एका बाईला दोन बारी कसं मारू? दुसरी कोणी बाई असंल तं बोला. आता दुसरी बाई कुठून आणायची?”

गोरक्षनाथ हसला. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा. उत्तर सापडलं होतं. एक जिती-जागती साक्षीदार सांगत होती की मरण खोटं, लेकरं खरी. तो उठून जवळजवळ नाचलाच, आणि अर्ध्या नाचात त्याला एक प्रश्न सुचला. तो सुचला नसता तर बरं झालं असतं.

“आत्या, असं आणखी कोणी कोणी मेलं होतं?”

“दर साली. कावळिणीला पिल्लं झाली का गावात दोघं-तिघं मरायचेच. त्या एका लिंबानं आठ-धा जण मारले असतील. आन आपल्याच गावात न्हाई बरं, समद्या पट्ट्यात.”

“वैशाखात?”

“मंग काय पोळ्याला घालती का कावळीण अंडे?”

गोरक्षनाथ पुन्हा खाली बसला. या वेळी जरा जोरात.

त्याचं कारण असं. बावीस वर्षांपूर्वी गिरिधर सरांनी एक शोध लावला होता. गोदावरीच्या या पट्ट्यात, निजामाच्या राज्यात, दर वैशाख-ज्येष्ठात धडधाकट तरुण माणसं एका दिवसात मरत. ना पटकी, ना प्लेग. बायका जास्त, पुरुष कमी. सरांनी या अज्ञात रोगाला ‘वैशाखी ज्वर’ असं नाव दिलं होतं, त्यावर सव्वासहाशे पानी पुस्तक लिहिलं होतं आणि परदेशात दोन भाषणं केली होती. मुलीचं नावही वैशाखी ठेवायचं होतं, पण बाईसाहेबांनी साथीच्या रोगाचं नाव घरात नको म्हणून स्वरा ठेवलं. रोगाची लक्षणं काय, तो कसा पसरतो आणि बायकांनाच का धरतो, एवढं सोडलं तर सरांना वैशाखी ज्वराबद्दल सगळं माहीत होतं.

“आत्या,” गोरक्षनाथ क्षीण आवाजात म्हणाला, “यात बायाच जास्त का मेल्या?”

“गड्याच्या डोक्याला पटका असतो. वीस हाताचा. त्यातून चोच जाती का? बाईला पदर.”

झालं. प्रमाणपत्रावर ज्याची सही पाहिजे, त्या माणसाची बावीस वर्षं एका कावळिणीनं खाल्ली होती, आणि ते त्याला सांगायला जगात एकच माणूस उरला होता. तो तासावर होता.

“असं तोंड करून का बसलास?” आसराबाई म्हणाली. तिनं सगळं ऐकून घेतलं, शेंगांचं टोपलं बाजूला सारलं आणि उठली. “मी येते. मला बघितल्यावर तं म्हणंल ना तुमचा साहेब, का ही बाई जन्मली व्हती म्हणून?”

गुरुवारी गोरक्षनाथनं अंकुशनगरला परत येऊन एक काम केलं. सरांच्या सामायिक संगणकात ‘केरकचरा’ नावाचं एक कपाट होतं. आजवरच्या प्रत्येक प्रशिक्षणात, प्रत्येक गावात, मेल्यानंतर झालेल्या म्हणून उडवलेल्या नोंदी त्यात जमा होत. सर स्वभावानं नीटनेटके होते, ते काहीच फेकत नसत. त्यानं कपाट उघडलं. आत तेराशे बारा लेकरं होती. नाव, बापाचं नाव, गाव, साल. शेजारी निखिलनं वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याची बोटं विचारांच्या मागं पडली.

“आयला,” तो म्हणाला. “हे तर आख्खं मंठा.”

शुक्रवारी दुपारी दोन वाजता गोरक्षनाथचा नंबर लागला. तो स्टेजवर चढला. मागोमाग, त्याच्या खांद्याला धरून, नऊवारी सावरत आसराबाई.

“या कोण?” सरांनी विचारलं.

“पुरावा, सर.”

“म्हणजे?”

“नोंद क्रमांक २२१. चांगुणाबाईचं चौथं अपत्य.”

सरांनी तिच्यासाठी नवरीच्या बाजूची बॅग उचलली. माणूस सभ्य होता. आसराबाई मखमलीवर टेकली आणि हातानं गादी दाबून पाहिली.

“आजी, तुमचा जन्म कधीचा?”

“ते मला काय म्हाईत? मी ल्हान व्हते तव्हा.”

मंगल कार्यालय हसलं. सरही हसले. “काही कागद आहे का?”

तिनं कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. सरांनी वाचलं. “एक जानेवारी एकोणीसशे पन्नास. म्हणजे आई वारल्यानंतर सोळा वर्षांनी.”

“रझाकाराच्या वक्ताला मी मेंढरामागं चालून राह्यले व्हते,” आसराबाई म्हणाली. “तुमच्या कार्डापरीस आधी. कार्ड काढणाऱ्यानं समद्या गावाला एकच वाढदिवस देला.”

“पण आई वारल्याची नोंद आहे ना.”

“हाय ना. खोटी हाय.”

“सरकारी वही खोटी?”

“वही खरी हाय. मरण खोटं हाय,” असं म्हणून तिनं गोरक्षनाथला कोपरानं ढोसलं. “सांग की रे.”

गोरक्षनाथनं सांगितलं. लिंब, कावळीण, शहागडचा गडी, रडत आलेली गाडी, कोतवाल, न खोडायची रीत. सांगताना तो सरांच्या बुटांकडे बघत होता. मग केरकचऱ्यातली तेराशे बारा लेकरं सांगितली.

“कावळा,” सर म्हणाले.

“कावळीण, सर.”

“ही चांगली दंतकथा आहे. पण बायकांचं प्रमाण जास्त का, हे तिच्यातून…” सर थांबले. विचारू नये असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, पण आयुष्यभर विचारत आलेला माणूस. त्यांनी विचारलंच. “बायकाच का?”

“गड्याला पटका असतो,” आसराबाई म्हणाली. “पटक्यातून चोच जात न्हाई.”

सरांनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरला. “पटका,” ते हळू म्हणाले. चष्म्याशिवाय ते एकदम लग्नात चुकून पुढं बसवलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यासारखे दिसायला लागले. कारखान्याचा भोंगा झाला. मग त्यांनी चष्मा चढवला.

“तोंडी साक्ष आपल्या पद्धतीत बसत नाही. कावळ्याची तर नाहीच. चार वाजता मी यादी बंद करतो. लाल ओळ असेल तर सही नाही, हे सगळ्यांना सारखं आहे.” मग जरा पुढं वाकून, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तागड, तुम्हाला एक अज्ञात आई चालेल. तीनशेला एक, तेवढी सूट नियमात आहे. एक लेकरू ‘आई अज्ञात’ म्हणून ठेवता येईल. चार नाही.” आणि आणखी हळू, “मी मार्चमध्ये निवृत्त होतोय हो.”

गोरक्षनाथ खाली आला. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. पडद्यावर २१७ ची ओळ लाल होऊन बसली होती आणि तिच्याखाली चारी लेकरांच्या ओळी. निखिलनं आसराबाईला खुर्ची दिली. तीही पडद्याकडे बघायला लागली.

“ही कोणती?”

“ही आबा. आजोबा.”

“ही?”

“किसनआजोबा. ही तुम्ही.”

“आन मधली?”

“गया,” त्यानं वाचलं. “स्त्री. एकोणीसशे एकोणचाळीस ते एक्केचाळीस.”

आसराबाई पुढं सरकली. तिनं पडद्याला बोट लावलं, तसा तिथं तुरीच्या हिरव्याचा जरासा डाग पडला. “गया हाय व्हय ह्यात? माय लई नाव काढायची तिचं. आम्हाला वाटलं, तिला कोणी लिवलंच न्हाई.”

गोरक्षनाथला आता समजावून सांगणं भाग होतं. त्यानं सांगितलं. चारातली एकच राहू शकते. आजोबाला ठेवलं तर आपलं घर राहतं. तुम्हाला ठेवलं तर तुम्ही राहता, आणि तुम्ही तर इथं बसलात.

“मी बसलेच हाय,” आसराबाई म्हणाली. “मला कशाला ठिवतो? आबा जगला, त्याला लेकरं झाली, नातू झाला, तो हा असा झाला. किसन जगला. आम्ही समदे जगून घेतलं. तिचं दुसरीकडं कुठं काय हाय? तिला ठिव.”

“आत्या, आजोबाला काढलं तर माझा बाप न्हाई. मी न्हाई.”

“तू उद्यापासून कायम हाय ना?”

“हो.”

“मंग?”

त्यानं घड्याळ पाहिलं. तीन पन्नास. अण्णासाहेबांचा निरोप येऊन पडला होता, ‘सर कागद झाला का. ट्रॅक्टर भरून ठेवलाय.’ निखिल म्हणाला, “सर, मी दाबू का?” गोरक्षनाथनं मान हलवली. असं काम परक्याकडून करून घेणं बरं नव्हे.

आधी किसनआजोबा. संगणकानं विचारलं, ‘नक्की?’ नक्की. मग आसराबाई. ‘नक्की?’ ती शेजारी बसून शेंगदाण्याचा लाडू खात होती, निखिलनं दिलेला. नक्की. मग आबाराव. दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखणारा माणूस. ‘ही नोंद काढल्यास तिच्याशी जोडलेल्या सर्व नोंदी जातील. नक्की?’ गोरक्षनाथचा हात किती वेळ तिथं राहिला ते त्याला नंतर आठवेना. निखिल सांगतो, चार मिनिटं. मग गयाच्या ओळीत जाऊन त्यानं चांगुणाबाई खोडली आणि लिहिलं, ‘आई : अज्ञात’.

सगळा तक्ता हिरवा झाला. ‘चुका : शून्य. अभिनंदन!’

सर खाली आले. त्यांनी उभ्या उभ्या तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि २१७ वर बोट ठेवलं.

“चांगुणाबाई. एकोणीसशे चौतीस. कारण?”

गोरक्षनाथ म्हणाला, “वैशाखी ज्वर, सर.”

“मल्हारी तागडांचं घराणं म्हणजे इथंच संपलं.” सरांनी वर पाहिलं. “तुमचं पण आडनाव तेच.”

“दूरचे आहेत, सर.”

सरांनी सही केली. ‘गिरिधर’मधला शेवटचा र वाकडा आला.

पाच वाजता समारोप ठेवला होता. प्रमुख पाहुणे रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकले आणि मग फोनवर ‘मनानं मी तिथंच आहे’ असं सांगून परत फिरले. हार आणलेला, फोटोवाला बोलावलेला, आता प्रमाणपत्रं कोणाच्या हस्ते द्यायची? सर माईकवर म्हणाले, “आपल्यामध्ये वयानं सर्वांत ज्येष्ठ अशी जी व्यक्ती आहे, तिच्या हस्ते.” सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. हार आसराबाईच्या गळ्यात पडला. तिनं त्याचा वास घेऊन पाहिला.

तिनं सतरा जणांना कागद दिले. प्रत्येकाला ‘सुखी राहा’ म्हणाली, निखिलला वर ‘लग्न कर’. अठरावा गोरक्षनाथ. तो पुढं आला, वाकून पाया पडला आणि दोन्ही हात पुढं केले.

“काय लिवलंय ह्यात?” तिनं विचारलं.

“की मला माणसाचा माग काढता येतो. जन्मापासून मरणापर्यंत.”

“आन गयाच्या मायच्या जाग्याला काय लिवलं तू?”

माईक चालूच होता. गोरक्षनाथनं सरांकडे पाहिलं. सर छताच्या झालरीकडे बघत होते.

“माहीत नाही असं लिहिलंय, आत्या.”

आसराबाईनं कागद सोडला नाही. हार घातलेली, दोन्ही हातांनी कागद धरलेली ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. फोटोवाला ओरडला, “सर, इकडं बघा! आजी, जरा हसा! आता द्या, द्या!” ती हसली नाही आणि तिनं दिलंही नाही. मागून टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या कोणाला थांबवता येईनात.

गोरक्षनाथनं कागद हळूच आपल्याकडं ओढला. मग जरा जोरात ओढला. उद्या शनिवार होता.